फिल्टर तपासणारा मेल सर्व्हर

स्पॅम फिल्टरची तुलना करण्यासाठी उभारलेल्या मेल सर्व्हरवरून एकही पत्र कुणाला पोचत नाही, आणि तसंच असावं लागतं. दारात पोस्टफिक्ससारखा प्रोग्राम बसवायचा आणि आलेल्या प्रत्येक मेलची एकेक प्रत प्रत्येक फिल्टरकडे द्यायची. फिल्टरनं फक्त निकाल सांगायचा. मेल अडवायचा किंवा पुढं पाठवायचा अधिकार त्याला नाही.

स्पर्धक तऱ्हेतऱ्हेचे. जस्टिन मेसन यांचा २००१ सालचा स्पॅमअसॅसिन शेकडो नियम लावून गुण देतो. बेरीज ५ झाली की मेल स्पॅम. एरिक रेमंड यांचा बोगोफिल्टर पॉल ग्रॅहम यांच्या ऑगस्ट २००२च्या लेखातून सुचलेला. त्याच्याकडं नियम नाहीत, कुठला शब्द स्पॅमच्या ढिगात किती वेळा आला आणि चांगल्या मेलच्या ढिगात किती वेळा, एवढाच हिशेब.

जोडणी दुपारभरात होते. घोळ पुढं सुरू होतो. एका फिल्टरनं मेलच्या हेडरमध्ये आपला निकाल लिहून ठेवला आणि तीच प्रत दुसऱ्याकडं गेली, तर दुसरा चक्क कॉपी करतो. म्हणून हेडर आधी साफ करायचे आणि शिकणाऱ्या प्रत्येक फिल्टरला स्वतंत्र डेटाबेस द्यायचा. मेल साठवून नंतर चाचणी घ्यायची असेल, तर ते आले त्याच क्रमानं दाखवायचे, नाहीतर मार्चमधला फिल्टर जूनच्या स्पॅमवर शिकून बसतो. ग्रेलिस्टिंगची परीक्षा तर अशा साठवलेल्या मेलवर होतच नाही. तिथं अनोळखी सर्व्हरला ‘थोड्या वेळानं या’ म्हणायचं असतं आणि तो परत येतो का ते पाहायचं असतं. साठवलेला मेल कुठून परत येणार? स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या काळ्या यादीचंही तसंच: दोन वर्षांपूर्वीच्या मेलचा आयपी पत्ता आजच्या यादीत शोधला, तर उत्तर आजचं मिळतं.

पण हे सगळं सांभाळलं तरी मूळ प्रश्न उरतो: अचूक उत्तरं कुणाकडची धरायची? माणसाकडची, असं आपण सहज म्हणू. सीआरएम११४ हा फिल्टर लिहिणाऱ्या बिल येराझुनिस यांनी आपलेच मेल स्पॅम आणि चांगले असे दोनदा वेगळे करून पाहिले. त्यांची स्वतःची अचूकता ९९.८४ टक्के भरली. ९९.९ टक्क्यांचा दावा करणारा फिल्टर मग कुणाच्या पट्टीनं मोजायचा?

यावरचं सर्वांत नेटकं काम अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या ‘ट्रेक’ उपक्रमात २००५ ते २००७ दरम्यान झालं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे गॉर्डन कॉरमॅक त्याचे सूत्रधार. प्रत्येक फिल्टरला मोजक्याच आज्ञा कळाल्या पाहिजेत: सुरू हो, निकाल दे, हा चांगला म्हणून शीक, हा स्पॅम म्हणून शीक, थांब. २००५च्या संचात ९२,१८९ मेल होते, त्यांतले ५२,७९० स्पॅम. उत्तरं ठरवायलाही फिल्टरच कामाला लावले. जिथं त्यांचं आपसात पटेना, तिथं माणसानं निवाडा करायचा. मला ही युक्ती फार आवडते. परीक्षार्थींच्या भांडणातूनच उत्तरपत्रिका दुरुस्त होत गेली.

स्पॅम हवा तेवढा मिळतो. चांगले मेल कोण देणार? बायकोचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट, साहेबांची बोलणी कुणी परक्याच्या हाती देत नाही. ट्रेकला ते मिळाले, कारण एन्रॉन कंपनी बुडाल्यावर सरकारी चौकशीत तिच्या कर्मचाऱ्यांचे मेल जाहीर झाले होते. आपल्याकडं दाभोळच्या वीज प्रकल्पामुळं गाजलेली तीच एन्रॉन.

ट्रेकच्या निकालात सगळ्यांना चकित केलं ते स्लोव्हेनियाच्या आंद्रेय ब्रात्को यांच्या फिल्टरनं. त्यात वापरलं होतं फाइल लहान करण्याचं गणित: नवा मेल स्पॅमच्या ढिगासोबत जास्त आवळला जातो की चांगल्या मेलच्या ढिगासोबत, एवढंच पाहायचं. शब्द कुठं सुटतो हे त्याला कळावं लागत नाही. म्हणून, शब्दाला प्रत्यय चिकटणाऱ्या मराठीसाठी असा सर्व्हर मांडणाऱ्यानं पहिल्यांदा तीच रीत लावून पाहावी. मात्र त्याआधी आपली चांगली पत्रं द्यायला राजी असलेलं एखादं कार्यालय त्याला गाठावं लागेल.