काविळीची माळ आणि खुंटी

चिकित्सक विचार म्हटला की आपल्याला वादसभा आठवते. प्रत्यक्षात त्याची गरज अधिक लागते ती स्वयंपाकघरात, दवाखान्याच्या बाकावर आणि लग्नाच्या बैठकीत. त्यातला एकच प्रश्न आज घेतो. एका गोष्टीमागून दुसरी घडली, म्हणून ती पहिलीमुळेच घडली असे म्हणता येईल का? शास्त्रकारांनी याला काकतालीय न्याय म्हटले. आपण कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली असे म्हणतो. म्हण सर्वांना पाठ आहे. आपल्या अंगणातली फांदी मोडली की मात्र आपण कावळ्याचेच नाव घेतो.

काविळीची माळ पुष्कळांनी पाहिली असेल. वनस्पतीच्या ओल्या देठाचे बारीक तुकडे दोऱ्यात विशिष्ट गाठीने गुंफतात आणि ती लहानशी माळ रोग्याच्या डोक्यावर ठेवतात. दिवसागणिक माळ वाढते, गळ्यात उतरते, पोटापर्यंत येते. तिकडे डोळ्यांचा पिवळेपणाही जातो. ही ऐकीव गोष्ट नव्हे. घरातल्या सगळ्यांनी ती डोळ्यांनी पाहिलेली असते, आणि म्हणूनच तिच्याविषयी शंका काढणे अवघड जाते.

माळ वाढते कशी? देठ वाळले की आक्रसतात, त्यांच्याभोवतीचे वेढे सैल पडतात आणि प्रत्येक वेढ्यातून थोडा थोडा दोरा मोकळा होतो. दुसरीकडे, दूषित पाण्याअन्नातून होणारी हेपॅटायटिस ‘ए’ची कावीळ बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. दोन्ही गोष्टी एकाच काळात चालतात, एवढाच त्यांचा संबंध. खात्री करायची असेल तर तशीच माळ खुंटीवर टांगावी. खुंटीला कावीळ नसते, तरी माळ वाढते.

माळेने कोणाचे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. पण कावीळ हे लक्षण आहे. त्यामागचे रोग अनेक असतात. पित्तनलिकेत खडा अडकला असेल किंवा लेप्टोस्पायरोसिस असेल, तर माळेकडे पाहत घालवलेले चार दिवस महागात पडतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हेपॅटायटिस ‘ई’ जिवावर बेतू शकतो.

खुंटीची ही कसोटी दुसऱ्यांच्या उपचारांना लावायची आणि स्वतःच्या उपचारांना नाही, हे न्यायाचे होणार नाही. मी होमिओपॅथीचा डॉक्टर. १८३५ साली जर्मनीतल्या न्युरेंबर्ग शहरात माझ्याच शास्त्राची अशी परीक्षा झाली. शंभर बाटल्या घेतल्या. निम्म्यांत मिठाचे तीस वेळा विरल केलेले द्रावण, निम्म्यांत बर्फाचे ऊर्ध्वपातित पाणी. कोणत्या क्रमांकाच्या बाटलीत काय आहे, ते घेणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि देणाऱ्यालाही. पन्नास जणांनी अनुभव कळवले. बेचाळीस जणांना काहीच जाणवले नाही. उरलेल्या आठांपैकी पाचांनी द्रावण घेतले होते, तिघांनी नुसते पाणी. निकाल होमिओपॅथीला अनुकूल नव्हता. तरी तो मी सांगतो, कारण साधे पाणी पिऊनही तिघांना काहीतरी जाणवले, ही त्यातली शिकण्याजोगी गोष्ट आहे.

डॉक्टरच्या खुर्चीतून तर चित्र अधिकच गोड दिसते. ज्याला गुण येतो तो पेढे घेऊन येतो. ज्याला येत नाही तो दुसऱ्या दवाखान्यात जातो. तसे सांगायला माझ्याकडे परत येत नाही.

मग हे सगळे कळूनही आपण विचारत का नाही? अज्ञान हे कारण मला फारसे पटत नाही. शिकलेल्या घरांतही माळ असते. खरी अडचण संकोचाची आहे. माळ बांधणारा माणूस पैसे घेत नाही, आजोबांच्या वेळेपासून घरी येतो. त्याला प्रश्न विचारणे म्हणजे त्याच्या उपकारांवर संशय घेणे वाटते. त्यात आपण बेळगावची, बडोद्याची, इंदूरची माणसे. दुसऱ्या भाषांच्या गर्दीत राहिल्याने मराठीतून आलेला सल्ला आपल्याला आधीच अर्धा खरा वाटतो. आपल्या माणसाने सांगितले, एवढाच पुरावा पुरतो. मोबाइलवर येणाऱ्या आरोग्यसल्ल्यांचे बळ यातच आहे.

आमच्या जैन परंपरेतले आठव्या शतकातले आचार्य हरिभद्रसूरी यांनी म्हटले आहे की, महावीरांविषयी मला पक्षपात नाही आणि कपिलादिकांविषयी द्वेष नाही. ज्याचे बोलणे युक्तीला धरून असेल ते मी स्वीकारतो. स्वतःच्या तीर्थंकरांविषयी असे म्हणण्यात त्यांना अनादर वाटला नाही. (अनेकान्त म्हणजे ‘तुझेही खरे, माझेही खरे’ असा जो सोयीचा अर्थ हल्ली व्याख्यानांतून ऐकू येतो, तो मला मान्य नाही. कोणत्या अपेक्षेने खरे, हे सांगण्याची जबाबदारी त्यात येते.)

माणूस दुखावू नये आणि प्रश्नही सुटू नये, असे बोलता येते. माळ घेऊन आलेल्या काकांना चहा द्यावा, माळ बांधू द्यावी आणि म्हणावे, “काका, बिलिरुबिन आणि यकृताची तपासणी आजच करून घेतो, आणि अशीच आणखी एक माळ द्या, खुंटीवर टांगतो.” दुसरी माळ द्यायला कोणी काका नाही म्हटल्याचे मी अजून ऐकलेले नाही.