आवाज येतोय का, डॉक्टर?

एका खिडकीत एक्सेल शीट, दुसऱ्या खिडकीत स्किनचे डॉक्टर. लंच ब्रेकमध्ये कन्सल्टेशन उरकायचं आणि दोन वाजता पुन्हा मीटिंगला हजर! आपल्याला याचं आता काही वाटतही नाही. पण बॉस, टेलिमेडिसिन म्हणजे फक्त व्हिडिओ कॉल नव्हे.

प्रकरण तसं जुनं आहे. इस्रोने 2001 मध्येच उपग्रहामार्फत दूरदूरची हॉस्पिटल्स जोडायला सुरुवात केली होती. आज तुमचा रात्री काढलेला सीटी स्कॅन दुसऱ्याच शहरातला रेडिओलॉजिस्ट वाचत असतो. तो तुम्हाला कधी दिसतही नाही! दंडावर चिकटवलेला सेन्सर दिवसभर शुगर मोजून मोबाइलवर पाठवतो, तोही यातलाच प्रकार.

खरी गोची होते ती गावाकडच्या आई-बाबांची. माझे बाबा कोकणात, मी पुण्यात. डॉक्टरांचा कॉल म्हटला की ते इस्त्रीचा शर्ट घालून बसतात आणि ‘मी एकदम ठणठणीत’ म्हणून मोकळे होतात. सूज असते पायावर, कॅमेरा चेहऱ्यावर! म्हणून मी त्यांना वही आणून दिली. रोजचं बीपी तारखेसकट लिहायचं, कॉलच्या वेळी गोळ्यांची पाकिटं टेबलावर मांडायची. बाबा आकड्यापुढे ‘काल भजी’ असा शेराही मारतात. डॉक्टरांना तो शेराच जास्त कामाचा वाटतो.

म्हणूनच मला सगळ्यात पटतो तो 2019 मध्ये सुरू झालेल्या सरकारी ई-संजीवनीचा प्रकार. पेशंट गावातल्या आरोग्य केंद्रात जातो, तिथला कर्मचारी बीपी बघतो, सूज दाबून बघतो आणि मग दूरच्या डॉक्टरांना जोडून देतो. तेही फुकट. (घरबसल्या मोबाइलवरून भेटणारी ओपीडी एप्रिल 2020 मध्ये आली.)

मार्च 2020 मध्ये सरकारने नियमही केले. पॅरासिटामॉलसारखी साधी गोळी डॉक्टर फोनवर किंवा चॅटवरही सांगू शकतात. पण इतर बरीचशी औषधं पहिल्यांदाच लिहून द्यायची तर व्हिडिओवर बघणं आलं. काही औषधं तर ऑनलाइन मिळतच नाहीत. तेव्हा ‘प्रत्यक्ष या’ असं डॉक्टर म्हणाले, तर ते फीसाठी म्हणतायत असं लगेच समजू नका.

आणि छातीत कळ आली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळायला लागलं तर अ‍ॅप उघडायचंच नाही. सरळ 108.