मुक्त सॉफ्टवेअरची ओळख, लेखांक ६ : पहिल्या पानावरची जागा

मागच्या लेखात परवान्यांची माहिती घेतली. परवाना एकदा ठरला की सहसा बदलत नाही. संकेतस्थळाच्या पहिल्या पानाचा वाद मात्र पुन्हा पुन्हा उकरला जातो, कारण जागा थोडी आणि मागणारे फार. कोड लिहिणाऱ्यांना नव्या आवृत्तीची बातमी वर हवी असते, भाषांतर करणाऱ्यांना त्यांचा दुवा, हिशेब पाहणाऱ्यांना देणगीचे आवाहन. ज्याच्यासाठी हे पान मांडायचे, तो नवखा माणूस या चर्चेत नसतोच. त्याची बाजू कोणाला तरी आवर्जून मांडावी लागते.

हा वाद किती खोलवर जातो, ते डेबियनच्या उदाहरणावरून कळते. इयन मरडॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेली ही लिनक्सवर आधारलेली कार्यप्रणाली आजही स्वयंसेवकच चालवतात. त्यांनी १९९७ मध्ये एक ‘सामाजिक करार’ स्वीकारला. त्याच्या चौथ्या कलमात वापरकर्ते आणि मुक्त सॉफ्टवेअर या दोघांनाही अग्रक्रम दिला आहे. एरवी या दोन निष्ठा गुण्यागोविंदाने नांदतात. लॅपटॉपच्या वाय-फायने त्यांच्यात तेढ निर्माण केली.

वाय-फायच्या अनेक चिपना फर्मवेअर नावाचा छोटा प्रोग्रॅम लागतो आणि तो बहुधा कंपनीच्या मालकीचा, बंदिस्त असतो. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये त्याला प्रवेश नव्हता. फर्मवेअरसह तयार केलेला इन्स्टॉलरही होता, पण ‘अनधिकृत’ असा शिक्का मारून आतल्या पानांत ठेवलेला. ज्याला तो आहे हे ठाऊक, त्यालाच तो सापडे. बाकीचे समोरची फाइल उतरवून घेत आणि अनेकांचे वाय-फाय चालतच नसे. फर्मवेअर नेटवरून आणायचे, तर त्यासाठी आधी नेट हवे!

डिसेंबर २०२० मध्ये डेबियनने पहिल्या पानाचे रूप पालटले. पान मोकळे झाले, डाउनलोडचे बटण ठळक झाले. बटणामागची फाइल मात्र फर्मवेअरविनाच राहिली. इन्स्टॉलरच्या प्रती वर्षानुवर्षे तयार करणारे स्टीव्ह मॅकिंटायर यांनी एप्रिल २०२२ मध्ये हा प्रश्न समुदायापुढे जाहीरपणे ठेवला. त्या वर्षीच्या शरद ऋतूत मतदान झाले, सामाजिक कराराच्या पाचव्या कलमात दुरुस्ती झाली आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच फर्मवेअर येऊ लागले. एका बटणामागची फाइल बदलण्यासाठी मूळ करारालाच हात घालावा लागला. ही तत्त्वाशी तडजोड आहे, असे म्हणणाऱ्यांची तळमळ खरी आहे. तरीही निर्णय योग्यच होता. चालणारी फाइल आत दडवायची आणि अडणारी दर्शनी ठेवायची, हे कराराने अग्रक्रम दिलेल्या वापरकर्त्याशी प्रामाणिक वागणे नव्हते.

रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या समुदायात वेगळा वाद झाला. तिच्या जुन्या पहिल्या पानावर वेग, ‘सेगफॉल्ट’पासून बचाव आणि ‘थ्रेड सेफ्टी’ यांची हमी देणारे एक वाक्य होते आणि शेजारी कोडचा नमुना. डिसेंबर २०१८ मध्ये नवे संकेतस्थळ आले. भरवशाचे आणि कार्यक्षम सॉफ्टवेअर घडवण्याचे बळ सर्वांना देणारी भाषा, अशी नवी ओळख आली आणि कोडचा नमुना गेला. नवी ओळख निश्चितच चांगली. सेगफॉल्ट म्हणजे काय हे माहीत नसलेल्यालाही ती दाराबाहेर उभे करत नाही. पण नमुना काढल्यावर अनेक प्रोग्रॅमर नाराज झाले, तेही रास्तच होते. भाषा कशी दिसते, हे चार ओळींच्या कोडमधून जेवढे कळते तेवढे वर्णनातून कळत नाही.

काय नाही, यावरूनही समुदाय ओळखता येतो. एस्क्यूलाइट हा डेटाबेस जगभरच्या फोनमध्ये आहे. त्याचे पहिले पान म्हणजे थोडक्यात ओळख, ताजी आवृत्ती आणि मोजके दुवे. ‘आमच्यासाठी कोड लिहा’ असे आवाहन तिथे नाही, कारण कोड सर्वांना खुला असला तरी बाहेरच्यांनी लिहिलेला कोड हा प्रकल्प सहसा घेत नाही. जे घ्यायचे नाही, त्याचे आमंत्रणही नाही.

ओपनबीएसडी या कार्यप्रणालीच्या पहिल्या पानावर तर चुकांचा हिशेब आहे. मूळ इन्स्टॉलमध्ये दूरवरून घुसता येईल अशी एकही फट कित्येक वर्षांत निघाली नाही, असे तिथे अभिमानाने लिहिलेले असे. २००२ मध्ये दूरच्या संगणकावर लॉगिन करण्यासाठीच्या ओपनएसएसएच या प्रोग्रॅममध्ये दोष सापडला, तेव्हा तिथे ‘एक’ असे लिहिले गेले. २००७ मध्ये आयपीव्ही६ हाताळणाऱ्या कोडमध्ये दुसरा निघाला आणि एकाचे दोन झाले. ते वाक्य त्या आकड्यासह पहिल्या पानावरच राहिले.