आवाज बंद करून ‘फौदा’ बघू नका! परभाषेतली सिरीज मोबाईलवर कशी बघायची?

मी मूळचा धुळ्याचा, नोकरी जळगावला. दर आठवड्याला एसटीनं ये-जा असते. पारोळा, एरंडोल करत दोन-अडीच तास जातात, आणि तेवढ्या वेळात मोबाईलच आपला सोबती.

अशाच एका प्रवासात नेटफ्लिक्सवर ‘फौदा’ ही इस्रायली सिरीज सापडली. इअरफोन घरी राहिले होते, म्हणून आवाज बंद केला आणि इंग्रजी सबटायटल वाचत दोन भाग संपवले. मारामारी कळली, पण थरार काही कळला नाही. लोक एकमेकांकडे एवढे संशयानं का बघतात? रात्री घरी इअरफोन लावून तेच भाग परत बघितले, तेव्हा चूक लक्षात आली.

सिरीज आहे तरी काय?

‘फौदा’ हा अरबी शब्द आहे, अर्थ गोंधळ. वेष बदलून गेलेल्या सैनिकांचं बिंग फुटलं की ते हाच शब्द वापरतात. लिओर राझ आणि अवी इसाखारोफ या दोघांनी ही सिरीज तयार केली. इस्रायलमध्ये ती २०१५ मध्ये सुरू झाली आणि २०१६ च्या शेवटी नेटफ्लिक्सवर आली. नायक डोरोनचं काम करणारा राझ स्वतः अशाच एका गुप्त तुकडीत होता. डोरोन निवृत्त होऊन द्राक्षमळा सांभाळतोय. ज्याला आपण मारलं असं तो समजत होता, तो माणूस जिवंत असल्याचं कळतं आणि तो परत कामावर येतो.

हे सैनिक आपसात हिब्रू बोलतात, आणि पॅलेस्टिनी वस्तीत शिरले की अरबी. शब्द बरोबर असून भागत नाही, लहेजासुद्धा तिथलाच लागतो.

आपल्याला हे लगेच पटेल. घरी आम्ही अहिराणी बोलतो. पुण्यात हॉस्टेलवर मी अगदी पुस्तकी मराठी बोलायचो. एकदा घाईत ‘माझा चार्जर’ऐवजी ‘मना चार्जर’ तोंडातून निघालं. रूममेट लगेच म्हणाला, ‘खान्देशचा ना रे तू?’ आम्ही हसलो, विषय संपला. डोरोनच्या माणसांचा मात्र अशा एका शब्दावर जीव जाऊ शकतो.

मग सबटायटलमध्ये काय हरवतं?

ॲपमध्ये चित्र, आवाज आणि सबटायटल हे तीन वेगवेगळे भाग असतात. सबटायटल म्हणजे साधी मजकुराची फाईल. कोणतं वाक्य कितव्या सेकंदाला येईल आणि कधी जाईल, एवढंच तिच्यात असतं. नेटफ्लिक्सच्या नियमानुसार इंग्रजीत एका ओळीत जास्तीत जास्त ४२ अक्षरं आणि एका वेळी दोनच ओळी. म्हणजे अर्थ पोचतो, पण हिब्रू असो की अरबी, पडद्यावर दोन्ही सारखंच इंग्रजी दिसतं. भाषा कधी बदलली हे कानालाच कळतं. डबिंगमध्ये सगळ्यांच्या तोंडी एकच भाषा आली, तर तेही कळायचा मार्ग उरत नाही.

आता सेटिंग करून घ्या

१. व्हिडिओ सुरू करून स्क्रीनवर टॅप करा, ‘ऑडिओ अँड सबटायटल्स’ उघडा.

२. ऑडिओमध्ये ‘ओरिजिनल’ लिहिलेली भाषा निवडा. ॲप कधी कधी आपोआप डब लावतं, म्हणून हे आधी तपासा.

३. सबटायटलमध्ये तुम्हाला झरझर वाचता येईल ती भाषा घ्या. वाक्य निसटलं तर १० सेकंद मागे जायचं बटण आहेच.

४. रस्त्यात नेटवर्क जातं, तेव्हा घरच्या वायफायवर भाग डाउनलोड करून ठेवा. मोबाईल डेटावरच बघणार असाल तर ॲप सेटिंगमध्ये ‘सेव्ह डेटा’ लावा. नेटफ्लिक्सच्या म्हणण्यानुसार त्यात १ जीबीला साधारण ६ तास बघता येतं.

५. इअरफोन विसरू नका!

कान ओळखायला शिकवा

भाषा शिकायची गरज नाही, तीन जोड्या लक्षात ठेवा. हिब्रूत ‘शालोम’, अरबीत ‘सलाम’. ‘नाही’ला हिब्रूत ‘लो’, अरबीत ‘ला’. ‘हो’ला हिब्रूत ‘केन’, अरबीत ‘आयवा’. दोन-तीन भागांत कान तयार होतो. मग एखादा सैनिक अनोळखी माणसाशी साधं बोलायला लागला तरी आपल्या पोटात गोळा येतो.

बघण्याआधी दोन गोष्टी

हिंसा भरपूर आहे, लहान भावंडांसमोर लावू नका. दुसरं म्हणजे, गोष्ट सांगणारे इस्रायली आहेत. सिरीजमध्ये पॅलेस्टिनी कुटुंबांची दुःखंही दिसतात, पण कॅमेरा जास्त वेळ सैनिकांच्या बाजूनं असतो आणि त्यावर पॅलेस्टिनी बाजूनं कडक टीका झाली आहे. तिथला संघर्ष खरा आहे, माणसं खरी मरतात. म्हणून सिरीज बघा, पण तोच पूर्ण इतिहास समजू नका.

याच कथेवरून आपल्याकडे ‘तनाव’ ही हिंदी सिरीज निघाली. ती २०२२ मध्ये सोनी लिव्हवर आली, गोष्ट काश्मीरमध्ये घडते. दोन्ही बघून तुलना करता येईल.

मी आता एसटीत बसायच्या आधी खिशात दोन गोष्टी चाचपतो, सुटे पैसे आणि इअरफोन. तुम्हीही पुढची परभाषेतली सिरीज आधी कानानं बघा, मग डोळ्यानं वाचा.