पूर्वेचे पाणी, पश्चिमेची वीज

महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या कोयनेची चाल जरा वेगळी आहे. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या बहुतेक नद्या उगमापासून पूर्वेची वाट धरतात. कोयना मात्र डोंगराच्या कण्याला खेटून साठ-पासष्ट किलोमीटर दक्षिणेकडे धावते, हेळवाकला काटकोनात पूर्वेकडे वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेत मिसळते. तिथून पुढे तिचे पाणी कर्नाटक, आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागराला जाते. वास्तविक हेळवाकपासून अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर. कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, वाशिष्ठीचे खोरे आणि खाडी. मध्ये आडवी येते ती फक्त सह्याद्रीची भिंत. तिच्या पूर्वेकडे नदी उंचावर आहे आणि पश्चिमेकडे कोकण जवळपास पावणेपाचशे मीटर खाली.

विजेचा हिशेब करणाऱ्या माणसाला या भूगोलात आणखी काही शोधावे लागत नाही. एक टीएमसी पाणी धरणाच्या पायथ्याशी सोडले तर ते साठ-सत्तर मीटरच पडते. तेच डोंगराला भोक पाडून कोकणात सोडले, तर पहिल्याच टप्प्यात तीन कोटींहून अधिक युनिट वीज मिळते. हे गणित टाटांच्या अभियंत्यांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सुचले होते. खोपोलीचे केंद्र १९१५ साली, भिवपुरीचे १९२२ साली आणि भिऱ्याचे १९२७ साली सुरू झाले. तिन्ही ठिकाणी कृती एकच: पूर्ववाहिनी पाणी अडवायचे आणि घाटावरून कोकणात पाडायचे. कोयनेचीही पाहणी झाली होती, पण जागतिक मंदी आली आणि बेत कागदावरच राहिला.

टाटांच्या या धरणांनी आणखी एक गोष्ट मागे ठेवली होती. मुळशीत जमिनी बुडणार म्हटल्यावर १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह मांडला आणि सेनापती बापट त्याचे पुढारी झाले. धरणाविरुद्धच्या संघटित लढ्याची ही देशातली अगदी सुरुवातीची नोंद. लढा हरला, मुळशी बुडाली. तीस-बत्तीस वर्षांनी कोयनेची पाळी आली, तेव्हा मात्र हवा पालटलेली होती. धरण आता परक्या सरकारच्या आशीर्वादाने खासगी कंपनी बांधत नव्हती. स्वतंत्र देशाचे सरकार बांधत होते आणि देशासाठी त्याग करा, असे सांगणारे पुढारी गावाच्या ओळखीचे होते. अशा सरकारपुढे सत्याग्रह करणे मुळशीकरांच्या सत्याग्रहापेक्षा अवघड होते.

मुंबई राज्याने १९५०च्या दशकाच्या मध्यावर काम हाती घेतले. धरण रबल काँक्रीटचे, म्हणजे मोठमोठे दगड काँक्रीटमध्ये बसवत वर चढवलेले. उंची १०३ मीटर, लांबी ८०७ मीटर, सांडव्याला सहा वक्र दरवाजे. जलाशयाचे नाव शिवसागर. मूळ क्षमता ९८.७८ टीएमसी होती. पुढे दरवाजांची उंची वाढवल्यावर ती १०५.२५ टीएमसी झाली.

तरीही खरी करामत धरणाच्या भिंतीत नव्हती, डोंगराच्या पोटात होती. नवजाजवळ जलाशयातून पाणी आत घ्यायचे, पावणेचार किलोमीटरच्या बोगद्यातून सह्याद्रीच्या पार न्यायचे, उल्लोळ विहिरीत त्याचा जोर सांभाळायचा आणि उतरत्या दाबनळांतून पोफळीच्या भुयारी विद्युतगृहात सोडायचे. हे नवजा साधेसुधे नव्हे. पावसाच्या आकड्यांत ते महाबळेश्वरलाही मागे टाकते. वर्षाला पाच मीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या जंगलात, बेसॉल्ट फोडत, सुरुंगांच्या धुरात हजारो मजूर वर्षानुवर्षे राबले. १९६२ साली पोफळीचा पहिला संच फिरू लागला. दुसऱ्या टप्प्याला जागतिक बँकेचे कर्ज मिळाले. पोफळीतून बाहेर पडणारे पाणी वाया का घालवायचे, म्हणून खाली कोळकेवाडीला आणखी एक धरण बांधून तेच पाणी दुसऱ्यांदा पाडण्याची सोय तिसऱ्या टप्प्यात झाली.

शिवसागर भरत गेला तशी कोयना, सोळशी आणि कांदाटी खोऱ्यांतली गावे उठत गेली. भाताची खाचरे पाण्याखाली गेली, वर उरले कातळ आणि रान. जी गावे बुडाली नाहीत, त्यांच्याही वाटा बुडाल्या. बामणोली-तापोळ्याच्या पलीकडच्या काठावर राहणाऱ्यांना बाजार, दवाखाना आणि शाळा गाठायला लाँचखेरीज इलाज राहिला नाही. उठलेल्या माणसांना सातारा, सांगली, सोलापूर आणि कोकणातल्या जिल्ह्यांत जमिनी दाखवण्यात आल्या. पाच मीटर पावसात भात लावणारा माणूस सोलापूरच्या कोरडवाहू माळावर ज्वारी कशी पिकवणार, याचा विचार कुठल्याही आराखड्यात नव्हता. पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. महाराष्ट्राने तो केला १९७६ साली, म्हणजे कोयना भरून एक तपाहून अधिक काळ लोटल्यावर. त्यामुळे कोणाला काय मिळाले, हे ज्या त्या कचेरीतल्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर आणि विस्थापिताच्या चिकाटीवर ठरत गेले.

पाणी साठू लागल्यावर लवकरच परिसरात जमिनीखालून गुरगुर ऐकू येऊ लागली. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने भूकंपमापक बसवले. हे अजबच होते. दख्खनचे पठार म्हणजे स्थिर भूमी, इथे मोठा भूकंप होत नाही, असे भूशास्त्रज्ञ मानत होते. धरणाच्या आराखड्यात भूकंपाची तरतूद केली होती, पण ती नावापुरती: गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम पाच टक्के इतक्या आडव्या धक्क्याची.

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटे. कोयनानगर झोपेत असताना ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या वर माणसे गेली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली आणि कोयनानगरातली बहुतेक घरे कोसळली. धरणाच्या आत बसवलेल्या यंत्राने धक्क्याची नोंद केली. धरलेल्या पाच टक्क्यांच्या जागी धक्का साठ टक्क्यांच्या वर गेला होता.

धरण फुटले नाही. यात बांधकामाचा कस दिसतोच, तसा एका जुन्या निर्णयाचा माग भिंतीवर उमटलेलाही दिसतो. काम चालू असतानाच धरणाची उंची वाढवायचे ठरले, आणि त्यामुळे भिंतीच्या मागच्या उताराला माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली अचानक वळण आले. भिंतीला आडव्या भेगा पडल्या त्या नेमक्या याच पातळीच्या आसपास. पुढे टेकू देऊन भिंत जाडजूड करण्यात आली, आणि कितीतरी वर्षांनी सांडव्याचा भागही बळकट झाला. काँक्रीटची धरणे भूकंपात कशी तडकतात, हे तपासायला जगभरचे अभियंते आजही आपली संगणकीय प्रतिमाने आधी कोयनेच्या आकड्यांवर घासून पाहतात. देशाचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशाही १९७० साली या धक्क्यानंतर बदलला.

धरणामुळे भूकंप झाला का? या प्रश्नावर बराच काळ वाद रंगला, आणि सरकारी यंत्रणेला 'नाही' हे उत्तर सोयीचे होते. पण पाण्याची पातळी आणि धक्के यांचा मेळ वर्षानुवर्षे दिसत राहिला. १९८०च्या दशकाच्या मध्यावर शेजारचे वारणा धरण भरू लागले, आणि धक्क्यांचा पट्टाही दक्षिणेकडे सरकला. हर्ष गुप्ता यांच्यासारख्या भूभौतिकशास्त्रज्ञांच्या कामामुळे कोयना हे जलाशयाने चेतवलेल्या भूकंपांचे जगातले ठळक उदाहरण ठरले. चेतवलेल्या, कारण जमिनीत ताण आधीच होता. पाण्याने त्याला निमित्त दिले. कराडच्या भूभौतिकी प्रयोगशाळेने पाटण तालुक्यातल्या गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतले, तेव्हा सव्वा किलोमीटरच्या आसपास काळा पत्थर संपला आणि थेट जुना ग्रॅनाइट लागला. निर्मितीची एवढी घाई झाली होती, की पायाखालच्या खडकाचा हा अभ्यास धरण बांधल्यावर अर्ध्या शतकानेच सुरू झाला.

चौथ्या टप्प्याच्या वेळी अभियंत्यांनी पुन्हा धाडस केले. भरलेल्या जलाशयाखालून बोगदा खणत नेला, तळाशी खडकाची गुडदी शिल्लक ठेवली आणि १३ मार्च १९९९ रोजी ती स्फोटाने उडवली. नॉर्वेत रुळलेले हे 'लेक टॅपिंग' तंत्र यशस्वी झाले आणि २५ एप्रिल २०१२ रोजी जलाशयाच्या आणखी खोल पातळीवर त्याची पुनरावृत्ती झाली. चौथ्या टप्प्याचे २५० मेगावॉटचे चार संच आल्यावर प्रकल्पाची एकूण क्षमता १,९५० मेगावॉटच्या पुढे गेली. कोळशाचे केंद्र तापायला तास लागतात. कोयनेचे संच मिनिटांत पूर्ण ताकदीने फिरतात, म्हणून संध्याकाळी राज्याची मागणी उसळली की आधी कोयनेकडे हात जातो.

विस्थापितांच्या नशिबी मात्र दुसरी फेरी आली. १९८५ साली कोयना अभयारण्य जाहीर झाले, २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. पहिल्या वेळी पाण्याने वगळलेल्या काही वाड्यांना आता वाघासाठी उठावे लागले. २०१८ साली श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली धरणग्रस्त कोयनानगरला ठिय्या देऊन बसले. बाप गेला, आता मुले-नातवंडे जमीन मागत होती.

पाण्यावरचा हक्कही मोजूनमापून मिळतो. कृष्णा लवादाने म्हणजे बच्छावत आयोगाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. धरणाचे तांत्रिक वर्ष १ जूनला सुरू होते, तेव्हापासून हा कोटा पुरवून वापरायचा. विजेसाठी वापरलेले पाणी, ज्याला 'अवजल' म्हणतात, कोळकेवाडीहून वाशिष्ठीमार्गे समुद्राला मिळते. ते मुंबईला न्यावे, कोकणात अडवावे अशा योजना निघतात आणि मागे पडतात. उरलेले पाणी पायथ्याच्या विद्युतगृहातून पूर्वेला सुटते. त्यावर टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांची भिस्त आहे. दुष्काळाच्या वर्षी सांगलीकर विसर्ग वाढवा म्हणतात, आणि वीज खात्याला प्रत्येक टीएमसी हातचा सोडवत नाही. कारण पश्चिमेला सोडलेले पाणी पावणेपाचशे मीटर पडून वीज देते, तर पूर्वेला सोडलेले तेच पाणी कराडच्या खालून पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून खानापूर-आटपाडीच्या माळावर चढवावे लागते आणि तिथे वीज खाते. ज्या सांगली-सोलापूरच्या कोरडवाहू पट्ट्यात कोयनेचे धरणग्रस्त वसवले गेले, तिथलीच शेते या पाण्याची वाट पाहणाऱ्यांत आहेत.