जुन्या बंगल्यांतील बिऱ्हाड

महाबळेश्वर म्हटलें कीं बहुतेकांस थंड हवा, स्ट्रॉबेरी आणि वेण्णा तलावांतील नौका आठवतात. परंतु तेथें चार दिवस हवा खाण्यास जाणें निराळें आणि जुन्या विलायती बंगल्याच्या दोन खोल्या भाड्यानें घेऊन बारमाही संसार थाटणें निराळें. नोकरीनिमित्त आम्हांस हा दुसरा योग आला. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांवर पुढें परगांवीं बिऱ्हाड करण्याचा प्रसंग येईल. म्हणून या घरानें आम्हांस जें शिकविलें तें येथें थोडक्यांत सांगतों.

कोणत्याही जुन्या घरांत राहावयास जातांना तें कोणीं, कशासाठीं व कोणत्या ऋतूसाठीं बांधलें हें आधीं विचारावें. १८२४ सालीं लॉडविक नांवाचा इंग्रज लष्करी अधिकारी हा डोंगर चढून आला. पुढें मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं १८२९ मध्यें साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह महाराज यांजकडून ही जागा मिळविली. त्यावरूनच वस्तीस माल्कमपेठ हें नांव पडलें. साहेबलोक येथें उन्हाळा काढीत आणि पाऊस लागण्याच्या सुमारास सर्व आवरून खालीं उतरत. मग माळी बंगल्याच्या भिंतींस गवताच्या ताट्या बांधी व दारांस कुलुपें लावी. अर्थात् ज्यानें घर बांधविलें त्यानें त्या घरांतील आषाढ कधीं पाहिलाच नव्हता! आमच्या बंगल्याचे वृद्ध माळी पहिल्याच दिवशीं म्हणाले, "मास्तर, साहेबानं घर उन्हाळ्यासाठी बांधलं, पावसाळ्याची सोय आपली आपण करायची." या एका वाक्यांत सर्व शास्त्र आहे.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें ४,५०० फूट उंच आहे. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीच्या कड्यास अडून वर चढतात, वर निवतात, आणि त्यांतील बाष्पाचें पाणी होतें. त्यामुळें येथें वर्षाकांठीं सरासरीनें दोनशें इंचांहून अधिक पाऊस पडतो, व त्यांतील बहुतेक चार महिन्यांतच. भिंती येथील जांभ्या दगडाच्या. हा दगड सच्छिद्र असल्यामुळें पाणी शोषून घेतो. पूर्वींच्या गवंड्यांनीं त्यावर चुन्याचा गिलावा केला, कारण चुन्यांतून ओल हळूहळू बाहेर पडते. त्यावर घट्ट सिमेंट थापलें तर ओल आंत कोंडते व पोपडे सुटतात. म्हणून दुरुस्ती चुन्यानेंच करवावी. कपाटें भिंतीपासून वीतभर दूर ठेवावीं. पुस्तकांच्या पेट्या फळ्यांवर ठेवाव्या. आणि उघडीप मिळतांच खिडक्या उघडाव्या. छपराच्या पन्हाळी वैशाखांतच साफ कराव्या. जुनी वीजजोडणी ओलीनें धोक्याची होते, म्हणून ती जाणत्या कारागिराकडून आधींच तपासून घ्यावी.

यापेक्षांही महत्त्वाची गोष्ट म्हणजे दिवाणखान्यांतील भिंतींत बांधलेली शेकोटी. मुलांस तिचें फार कौतुक वाटतें. परंतु वर्षानुवर्षें बंद असलेल्या धुराड्यांत पांखरें घरटीं करतात, पालापाचोळा सांचतो व धुरास वाट राहत नाहीं. आमच्या धुराड्यांतून टोपलीभर काड्या निघाल्या. तें साफ केल्यावांचून आंत विस्तव घालूं नये. आणि थंडी कितीही असो, दारें-खिडक्या लावून कोळशाची शेगडी जवळ घेऊन कधींही निजूं नये. कोंडलेल्या हवेंत जळणाऱ्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. निजलेला माणूस जागा न होतांच प्राणास मुकतो. ही एक गोष्ट जरी वाचकांनीं ध्यानांत ठेविली तरी या लेखाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.

अशा बंगल्यांत आणखी एक नवल दिसतें. न्हाणीघरास बाहेरून एक लहान दार असतें. घरांतील मंडळींस न दिसतां मैला उचलणाऱ्या माणसानें यावें व जावें यासाठीं तें ठेवलेलें. मनुष्याकडून तें काम करवून घेण्यास १९९३ च्या कायद्यानें बंदी केली. आमच्या मुलीनें या दाराचा उपयोग विचारला, तेव्हां आम्हीं तिला तो स्पष्ट सांगितला. घराची शोभा सांगावी आणि त्या शोभेमागें कोणाचे कष्ट व कोणाचा अपमान होता तें लपवावें, हें शिक्षणास शोभत नाहीं.

शेवटीं व्यवहाराच्या दोन गोष्टी. भाड्याचा करार लेखी व नोंदणी केलेला असावा; महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यान्वयें तसें बंधनच आहे. छप्पर कोणीं शाकारावें, पन्हाळी कोणीं काढाव्या, हें त्यांत आधींच नमूद करावें. पाऊस सुरू झाल्यावर वाद घालण्यांत अर्थ नसतो. दुसरें, २००१ सालापासून हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविलेला आहे. म्हणून फाटकाजवळील झाडाची सावली पडते एवढ्यावरून त्यास कुऱ्हाड लावतां येत नाहीं, व लावूंही नये.

घर भाड्याचें असलें तरी राहणाऱ्यानें तें आपलें म्हणूनच राखावें. ज्यांनीं तें बांधलें ते गेले. त्यांच्यामागून पुष्कळ भाडेकरू आले नि गेले. आम्हीही एके दिवशीं जाऊं. मागून येणाऱ्यास कोरडी भिंत, मोकळें धुराडें आणि अंगणांतील झाड जसेंच्या तसें मिळावें, एवढी काळजी आपण घ्यावी.