दुकानदारांचीं नाणीं

अमेरिकेंतील अंतर्गत युद्ध १८६१ सालीं सुरू झालें आणि वर्ष-दीड वर्षांतच तेथील बाजारांतून मोड नाहींशी झाली. लोकांनीं प्रथम सोनें, मग रुपें आणि अखेर तांबें-निकेलचा क्षुद्र सेंटही घरांत दडवून ठेविला. आपल्याकडेही दुसऱ्या महायुद्धांत मोडीची अशीच टंचाई पडली व १९४३ सालीं मधें भोंक असलेला पैसा निघाला, हें वाचकांनीं घरांतील वडीलधाऱ्यांकडून ऐकिलें असेल.

कांहीं दिवस टपालाचीं तिकिटेंच मोड म्हणून चाललीं. पण तीं हातांस चिकटत व फाटत. गॉल्ट नामक गृहस्थानें १८६२ च्या ऑगस्टांत तिकीट पितळी डबींत अभ्रकाखालीं बसविण्याचें पेटंट घेतलें. परंतु खरा मार्ग काढिला तो दुकानदारांनीं. सेंटाएवढ्या तांब्याच्या चकत्या त्यांनीं खाजगी कारागिरांकडून पाडून घेतल्या. कांहींवर दुकानाचें नांव व धंदा, तर कांहींवर झेंडा, ढाल अशीं देशाभिमानाचीं चिन्हें. कित्येकांवर ‘वन सेंट’ अशीं ठळक अक्षरें असून त्यांच्या डोक्यावर बारीकसा ‘नॉट’ कोरलेला असतो! खोटें नाणें पाडल्याचा आरोप टाळण्याची ही युक्ति पाहून आमच्या नैयायिकांनींही मान डोलवावी.

पण चकतीची किंमत ती देणाऱ्याच्या शब्दाइतकीच. न्यूयॉर्कच्या लिंडेनम्युलर नामक मद्यविक्रेत्यानें दहा लाखांहून अधिक चकत्या बाजारांत सोडल्या, असें सांगतात. थर्ड अव्हेन्यूच्या घोड्यांच्या ट्रामकंपनीकडे त्या भाड्यापोटीं सांचल्या. तिनें मोबदला मागितला, तेव्हां या गृहस्थानें साफ नकार दिला. कंपनीस तो तोटा सोसतां आला. हातावर पोट असणाऱ्यानें तो कसा सोसावा? १८६४ च्या एप्रिलांतील कायद्यानें ब्राँझचा हलका सेंट आला आणि ८ जूनच्या कायद्यानें खाजगी नाणीं बंद झालीं.

आज या चकत्यांचे दहा हजारांहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. १९२४ सालीं हेट्रिक व गुट्टाग यांनीं त्यांची यादी छापिली. पुढें फुल्ड पितापुत्रांनीं दुर्मिळतेच्या दहा पायऱ्या ठरविल्या. दहाव्या पायरीवरील नमुना जगांत एकच. मौज अशी कीं, कोरणाराची चूकही संग्राहक हौसेनें शोधतात. झेंडा उतरवूं पाहणाऱ्यास जागच्या जागीं गोळी घालावी, अशी आज्ञा अर्थमंत्री डिक्स यांनीं १८६१ सालीं केली होती. तिच्यांतील ‘स्पॉट’ हा शब्द कांहीं चकत्यांवर ‘स्पूट’ असा पडला आहे.

अशी चकती कोणा वाचकाच्या हातीं आलीच, तर देवाचीं उपकरणीं घासतात तशी चिंच लावून ती उजळूं नये, एवढें आम्ही आग्रहानें सांगूं. दीडशें वर्षांत चढलेला तपकिरी रंग एकदां गेला कीं परत येत नाहीं, आणि मग जाणता संग्राहक ती हातींही धरीत नाहीं.